दुसऱ्यांदा मीठ

सुरुवात श्रावणातली, आणि परवानगीने झालेली.
दांडिया बाजारात राहायचो तेव्हा
सातमच्या दुपारी पन्नाबेन जिन्यातून हाक मारायच्या:
वहिनी, आजे तो रमवुंज पडे,
नाहीतर पुढचा जन्म गाढवाचा.
शेगडी थंड, आदल्या दिवशीची थेपली,
सतरंजीवर तीन पत्ती,
पैसे म्हणून चिंचोके.
सासूबाईसुद्धा एक डाव बसायच्या
आणि हरल्या की म्हणायच्या, झोप आली.

आता गुरुवार.
अलकापुरी, चौथा मजला, भाविनचा फ्लॅट,
पडदे ओढलेले, टेबलावर हिरवं कापड.
घरी सांगते, दत्ताच्या आरतीला.

मी स्वतःला विचारलेलं आहे, नाही असं नाही.
रिक्षात बसून विचारते, काळा घोड्याच्या सिग्नलला.
एकतीस वर्षं रावपुऱ्याच्या शाखेत
बोट ओलं करून दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या.
समोरची जानकी निवृत्त झाली, ती विणते.
लोकर किती आणली, असं तिला कोण विचारतं?

आणि ते दोन पत्ते.
उचलायचे नाहीत, नुसता कोपरा,
अंगठ्याने,
तान्ह्या बाळाचं दुपटं सारून बघावं तसा.
त्या अर्ध्या क्षणात गुडघे दुखत नाहीत,
मुलगा कॅनडात नसतो,
कुठेच नसतो.

हरले तरी चिडत नाही मी.
हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे, दिवाळीपर्यंत.
मग एका रात्री बावीस हजार जिंकून
लिफ्टमध्ये उभी होते, आरशासमोर,
आणि काहीच झालं नाही.
फक्त वाटलं, अजून एकदा वाटले असते पत्ते
तर बरं झालं असतं.

पाटल्या लॉकरमध्ये आहेत.
लॉकर माझा नाही, एवढंच.

खोटं खेळताना भाविन पाणी पितो.
डॉक्टर त्रिवेदी कानाची पाळी ओढतात.
जयसुखकडे एक्क्यांची जोडी आली
की तो सुनेच्या तक्रारी सुरू करतो.
मी सगळ्यांना वाचते.
मला कुणी नाही.
आंटीनो चहेरो तो सूरसागर, म्हणतात,
खडो टाका, तरंग नाही.

मागच्या गुरुवारी साडेनऊला आले,
पदर खोचून आमटी टाकली.
सुरेंद्रने मुकाट्याने भात कालवला,
जेवला, ताट उचललं,
आणि नळाखाली हात धरून,
माझ्याकडे पाठ करून म्हणाला,
गुरुवारी तू मीठ दोनदा घालतेस.

मी म्हटलं, काहीतरीच.

चौदा महिने झाले, तो म्हणाला,
बाकी दिवस बरोबर असतं.

त्याला रक्तदाब आहे.
गोळीचं पाकीट मीच आणते, मांडवीच्या दुकानातून.
चौदा महिने, दर गुरुवारी,
त्याने ती आमटी भुरकून संपवली
आणि आरतीला गर्दी होती का, असं कधी विचारलं नाही.

मी बघत राहिले त्याच्या पाठीकडे.
पत्ते टाकून दिलेत याने?
की धरून बसलाय,
मी कधी उघडते म्हणून?
भाविन असता तर सांगितलं असतं,
जयसुख असता तर डोळे मिटून.
छत्तीस वर्षं एका ताटाशी बसते,
आणि या माणसाचा कान कुठला, पाणी कुठलं,
मला ठाऊक नाही.

त्याने टॉवेलला हात पुसले, नीट, बोटाबोटांतून.
बातम्या लावल्या.

आज गुरुवार.
पाच वाजता मिठाची बरणी
अगदी वरच्या फळीवर ठेवली,
हात पोचणार नाही अशी.
मग स्टूल आणलं,
फळीखाली ठेवलं.
मग चपला शोधायला लागले.