एक बंध जास्त

सेगेद. फेब्रुवारी. तिसा नदीवर बर्फाचे पापुद्रे
एकमेकांना घासत चाललेत.
तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत हीटर बंद,
बोग्लार्का कोट न काढताच
उबेच्या कपाटातून दहा बशा बाहेर काढते.

काल जिवाणूंच्या अन्नात तिनं एक तोतया मिसळला होता.
दहा कार्बनांची साखळी, हुबेहूब,
तोच बांधा, तीच शेपूट,
फक्त तिसऱ्या कार्बनाशी
जिथं दुहेरी बंध घडायचा
तिथं आधीच तिहेरी.

कुलूप-किल्ली, असं शाळेत शिकवतात.
तिला ते कधी पटलं नाही.
कुलूप काही करत नाही. विकर करतं:
दारात आलेल्याचं ओझं उतरवून घ्यावं
तसा एक प्रोटॉन इथून उचलून तिथं ठेवतं,
हजारदा केलेलं, हातात बसलेलं काम,
आणि ओझं उतरताच पाहुणा
त्याच हाताला चिकटतो. कायमचा.

आणलेल्या मालात विष नव्हतं हो.
ते या कारागिरानंच घडवलं,
नेकीनं, एकही पायरी न चुकता.

वडील गेल्यावर, पहिल्याच हिवाळ्यात
देझो काका आला होता फाटकातून,
तोच खोकला, बुटांवरचा बर्फ झटकायची तीच तऱ्हा.
आईनं वळूनही न बघता ताट मांडलं.
मग बराच वेळ
तिचा हात ताटाच्या काठावरून निघेना.

पहिली बशी कोरी. दुसरी. तिसरी.
वाकलेल्या साखळ्या बनणंच थांबलं,
उरल्या त्या सगळ्या सरळ, काटक्यांसारख्या रचलेल्या;
पेशीचं पातळ आवरण थिजत गेलं,
आईच्या फडताळातल्या डुकराच्या चरबीसारखं,
चमचा उभा राहील इतकं.
शेजारच्या बाटलीत सूर्यफुलाचं तेल
याच थंडीत वाहतं,
कंबरेत जरासा वाक आहे म्हणून.

सातव्या बशीत तिनं थोडं ओलेइक आम्ल घातलं होतं,
आयतं, बाहेरून आणलेलं.
तिथं ठिपके आहेत. मळकट, बारीक, पण आहेत.
विकर सुटलेलं नाही, सुटणारही नाही;
त्याला वगळून
संसार चालू झालाय.

वहीत ती लिहिते: सात, वाढ आहे.
‘वाढ’खाली रेघ मारते, ती जरा वाकडी जाते,
आणि घरी फोन लावते,
आज काका जेवायला आहे का, विचारायला.