बारदान वजा जाता

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं मापाडी.
गोणी काट्यावर, नजर आकड्यावर,
पावतीवर माझ्या हातचं एकच वाक्य:
बारदान वजा जाता निव्वळ इतकं.

माझं स्वतःचं वजन मात्र कुणाला सापडेना.
नेरूळच्या दवाखान्यातला काटा दीडशेला थांबला.
सिस्टर म्हणाली, काका, तुमच्याकडे मोठा काटा असेल ना?
ती हसत नव्हती,
म्हणून मीच हसलो.
त्या रात्री शेवटचा ट्रक गेल्यावर
चपला काढून बटाट्याच्या काट्यावर उभा राहिलो.
एकशे अडुसष्ट किलो चारशे.
ज्ञानू शेडगे सवयीनं बोलून गेला,
"बारदान किती धरू, नाना?"

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनच्या आधी बारा किलो उतरवा.
लिव्हर चरबीनं फुगलंय, जठरावर रेलून बसलंय,
ते आक्रसलं तर दुर्बिणीला वाट मिळेल.
म्हणजे पोट लहान करून घ्यायचं
तर आधी पोट लहान करून दाखवायचं.
बँकेसारखंच हे,
कर्ज त्यालाच, ज्याला गरज नाही.

चौदा दिवस पावडर. व्हॅनिला म्हणे.
डिस्टेंपरच्या डब्यासारखा वास.
दुपारी मुगाचं कढण, तेही गाळून.

समुपदेशनाला बसवलं. समोर एक पोरगी,
माझ्या तृप्तीच्या वयाची, वहीवर पेन टेकवून:
भूक नसताना पहिल्यांदा कधी खाल्लंत?
आठवत नाही, म्हणालो.
आठवत होतं.
वडिलांचं तेरावं, मी अकरा वर्षांचा,
पंगत उठली तरी बुंदीच्या पातेल्याशी बसलेलो,
आणि मावशी कुणाला तरी सांगत होती,
खाऊ दे, तेवढंच पोराचं दुःख जातंय.
गेलं होतं खरंच. तासभर.
ते परत येऊ नये म्हणून
तेव्हापासून खातोय.

घरी कालिंदी मोजून दोन भाकरी वाढायची.
तिला ठाऊक नव्हती सानपाड्याच्या पुलाखाली उभी ओम्नी,
काचा वर, दिवे बंद,
मांडीवर कागदात अर्धा किलो फरसाण,
रेडिओसुद्धा बंद, कारण कुरकुर नीट ऐकू यायला हवी.
नंतर शर्ट झाडायचा, सीटच्या शिवणीतले कण वेचायचे,
खून करून आल्यासारखे.
ठाऊक होतं म्हणा तिला.
गाडी तीच पुसायची.

दारू असती तर गुत्त्याची गल्ली टाळली असती.
ताटाची कुठली गल्ली टाळू?
हे व्यसन दिवसातून तीनदा
घरचेच हाक मारून वाढतात,
आणि नाही म्हटलं तर विचारतात, बरं नाही का?

नवव्या रात्री फ्रिज उघडला.
दहीभाताची वाटी तळहातावर घेतली
आणि हातानं आपणहून सांगितलं:
साडेतीनशे. वाटी वजा जाता अडीचशे.
दोन घास गेले.
तिसऱ्याला मागे कालिंदी उभी.
बोलली नाही. दार लावायलाही आली नाही.
फ्रिजच्या उजेडात तिची पावलं सुजलेली दिसली,
उभं राहून राहून, माझ्यासाठी रांधून रांधून.
एकतीस वर्षांत कुणाच्या गोणीत मी
मापात पाप केलं नव्हतं.
म्हटलं, डाएटवालीची वही आण.
लिही. रात्री अडीच. दोन घास.
तिनं विचारलं, मोठे की लहान?
मी म्हणालो, मोठे.

काल बारावा दिवस. पुन्हा बटाट्याचा काटा.
एकशे अठ्ठावन्न किलो नऊशे.
अजून अडीच, दिवस दोन.
ज्ञानू डोळा मारून म्हणाला,
"थोडा कडता धरू का? डॉक्टरला काय कळतंय."
नको म्हटलं.
उतरलो.
मी उतरल्यावर शून्यावर यायला काटा
जरा वेळ घेतो.
तेवढा वेळ आम्ही दोघं
आकडा बघत उभे होतो.