अकरा लिटर

अकरा लिटर म्हणजे नेमके किती
हे मी पातेल्यात पाणी ओतून पाहिलं.
रविवारचं सूप ज्यात होतं तेच, निळं, एक कान तुटलेलं.
गळ्याशी आलं तेव्हा अकरा झाले.
एवढ्यात बसवायचाय बोरोकाचा कॉम्प्युटर,
पंख्यांसकट, पाण्यासकट,
आणि सेगेदहून पेचपर्यंत
बसमध्ये तिच्या मांडीवर.

एकतीस वर्षं लोकांच्या घरचे रेडिएटर दुरुस्त करतोय.
पाण्याला विजेपासून लांब ठेवायचं,
खरं तर एवढंच माझं काम.
आता या वयात
दोघांना एका डब्यात झोपवायला निघालोय.

झोपणारी आणखी एक आहे: किंचो,
हॉस्टेलमधली जोडीदारीण.
तिची झोप इतकी पातळ
की बोरोकाचा जुना लॅपटॉप चित्रं हलवायला लागला
की ती उशी काखोटीला मारून कॉरिडॉर गाठते.
बोरोकाचा कोल्हा आतापर्यंत चौदा सेकंद धावलाय.
त्यापायी किंचो नऊ रात्री बाहेर.

तीन लाख फोरिंट.
नाव लाखाचं, पण त्यात धड बॉयलरही येत नाही.
गॅसच्या बिलामागे यादी केली.
ग्राफिक्स कार्ड: वापरलेलं, एक पंखा मोडका.
(पंखा मला नकोच होता,
पण तोंड पाडून घासाघीस केली.)
पंप: देब्रेत्सेनच्या कुणा वेंदेलचा.
"थोडा गुणगुणतो," म्हणाला.
म्हटलं, फोन धर त्याच्याजवळ.
दीड मिनिट आम्ही दोघं अनोळखी माणसं
काही न बोलता ऐकत राहिलो.
गुणगुण नव्हती ती. हवा होती.
पाण्यात हवा अडकली की पाणी बोलतं.

समासात लिहून ठेवलं:
तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एका पाण्यात घालू नये.
हळूहळू एक दुसऱ्याला खातं,
बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.
अशी घरंही पाहिलीत मी,
रेडिएटर उघडायला गेलेलो असताना.

रेडिएटर तीन मिलिमीटर जास्त भरतो.
चारदा मोजला. डब्याचं चित्र उभं काढलं, आडवं काढलं,
जिथे तारा जातात तिथून नळ्या नेल्या.
तीन मिलिमीटर.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण इथे अंथरूण पत्र्याचं आहे,
आणि माझ्याकडे कानस आहे.

शनिवारी बोरोका आली. कोट न काढताच यादी वाचली.
"आपू, पाणी लागतच नाही याला.
एक बुटका कूलर, एक मोठा संथ पंखा, झालं.
अठ्ठावन्न हजार वाचतील."
बरोबरच होतं तिचं.
मी पेन्सिल घेतली.
पंपावर रेघ मारली, नळ्यांवर मारली.
रेडिएटरपाशी हात जरा रेंगाळला असेल,
मला नाही वाटत तिला दिसलं.

मग तिने विचारलं, सहज,
केस मोकळे करता करता,
"गळत नाही हे कळतं कसं पण?"

सांगितलं. रात्रभर एकटा पंप चालवायचा,
बाकी कशालाही वीज द्यायची नाही.
दर सांध्याखाली टिश्यू पेपर.
सकाळी कागद कोरडे निघाले
तर मग पुढचं.

"आणि तू काय करतोस रात्रभर?"

"बसतो."

ती खोडरबर शोधायला ड्रॉवरकडे गेली.
मेमरी निम्म्यावर आणली.
काचेची बाजू खोडली, तिथे साधा पत्रा.
दुसऱ्या डिस्कपुढे लिहिलं: पुढच्या वर्षी.
आणि माझ्या रेघांच्या खाली, जागा नव्हती तरी,
पंप, नळ्या, रेडिएटर पुन्हा मांडले,
तिच्या त्या शाळेपासूनच्या तिरक्या अक्षरात.
मी म्हटलं, अगं, मेमरी?
"कोल्ह्याला कुठे घाई आहे."

अजून सात हजार चारशे कमी पडतायत.
आणि ते तीन मिलिमीटर आहेतच.

रात्री ती झोपल्यावर लक्षात आलं,
पातेलं तसंच भरलेलं, टेबलावर.
सिंकमध्ये ओतलं, कडेकडेने, बारीक धारेने,
किंचो शेजारच्याच खोलीत असावी तसं.