बारा बंद

मार्गशीर्ष सरला की बाळीवेशीत माझ्या मशीनला झोप नसते.
गड्ड्याच्या आधी पंधरा दिवस
पांढरं कापड, पांढरा दोरा, पांढरा कोंडा केसांत,
चहाच्या कपावर तरंगणारा तंतूसुद्धा पांढरा.

दुकानात दोन वह्या आहेत.
लाल पुठ्ठ्याची महादेवीची : ब्लाऊज, परकर, फॉल.
निळी माझी : शर्ट, नेहरू, बाराबंदी.
बायकांचं माप ती घेते, गड्यांचं मी,
मधे एक पडदा, जुन्या चादरीचा,
त्यावरचा मोर धुऊन धुऊन कोंबडी झालाय.

बिराजदारांची कस्तुरी आली भर दुपारी,
म्हणाली, मामा, एक बाराबंदी शिवायची.
कुणाची?
माझी.

मी मशीनचं चाक हातानं थांबवलं.
विचारलं, नवस आहे काय?
नाही.
वडिलांची आठवण?
अप्पा घरी झोपलेत की, चांगले घोरालेत.
मग कशाला ग?
हौस, म्हणाली. आणि वर बघितलं पंख्याकडं,
जणू पंखा फिरतो का हेच बघायला आली होती.

नवस असता तर शिवून टाकलं असतं मुकाट्यानं.
मयताची आठवण असती तर पैसेसुद्धा घेतले नसते.
हौसेचं काय करायचं, ते कळेना.

मी नऊ वर्षांचा असताना भोगीच्या सकाळी
आईची इरकल नेसलो होतो, आतून कडी लावून.
टोपपदराचा तो लाल मी खांद्यावर घेतला
आणि पत्र्याच्या ट्रंकेत तोंड बघितलं. बरं दिसत होतं.
काकानं दार ढकललं. कडी जुनी होती.
त्या दिवशी बाजरीची भाकरी मला डाव्या दाढेनं खावी लागली.
हे महादेवीलाही सांगितलेलं नाही.
इथं लिहिलं, कारण वही माझी आहे.

तर माप कुणी घ्यायचं?
मी पडद्याच्या या बाजूला, पोरगी त्या बाजूला,
बाराबंदी कुठल्या बाजूची?
महादेवीनं टेप माझ्या गळ्यातनं काढून नेला
आणि आतून आकडे ओरडली,
भाजीवाली ओरडते तसे, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असे.
मी निळ्या वहीत लिहिले.
नावाच्या जागी आधी नुसतं 'बिराजदार' लिहिलं.

रात्री कापायला बसलो.
शर्टाची बटणं गड्याची उजवीकडं, बाईची डावीकडं,
एवढं तर शिकाऊ पोरालाही पाठ असतं.
ब्लाऊजला टक्स, कटोरी, हुक, अस्तर,
एक सूत चुकलं की बाई चपलेसकट परत येते.
बाराबंदीला यातलं काही नाही.
कापडावर कापड, आणि बांधायला बंद.
चाळीस वर्षं शिवतोय,
आणि त्या रात्री पहिल्यांदा हातात उलटीसुलटी करून बघितली.
तिला कुणाचं अंग आहे ते विचारताच येत नाही.
गाठ मारली की झालं.

'बिराजदार'च्या पुढं मग 'कस्तुरी' लिहिलं.
शाई सांडली थोडी.

अक्षतेच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी उभा राहिलो.
माझा हात मला लांबून ओळखू येतो,
बगलेतली शिवण मी कधी ओढत नाही.
हजार बाराबंद्या, त्यातल्या सत्तरएक माझ्या,
सगळ्यांच्या डोक्यावर ज्वारीचे दाणे,
उन्हात सगळं एकच पांढरं.
कस्तुरी दिसली नाही.
आलीच नसेल,
किंवा अप्पा जागे झाले असतील,
किंवा माझ्या समोरनंच गेली असेल.

घरी आलो तर महादेवी
उरलेला तागा मांडीवर घेऊन बसलेली.
दीड वार जास्तच आणलं होतंस की ओ, म्हणाली.
मी चप्पल काढत होतो.
निळी वही आण.
टेपचं एक टोक तिनं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं होतं,
दुसरं हाताला येत नव्हतं.