दोन मिलिमीटर कमी

मात्रोना रोसाल्बानं पडद्यावर बोट ठेवलं:
हे डोकं, हा कणा, माशाच्या काट्यासारखा,
आणि ही वार. जरा खाली बसलीय,
अगदी उंबऱ्याशी.
'जरा' म्हणाली, आणि कागदावर लिहिलं,
जड उचलू नये, कारखान्यात उभं राहू नये,
नवऱ्याजवळ जाऊ नये,
रक्त दिसलं तर थांबू नये.
बाउदिलियोनं शेवटची ओळ दोनदा वाचली.
थांबू नये म्हणजे? लेमुय बेटावरून? रात्री?
फेरीबोट काय आपल्या बापाची आहे?

तेव्हापासून मी वार मोजते.
सोमवार, मंगळवार, बुधवार,
कोरडा गेला की चुलीमागच्या फळीवर खडूची एक रेघ.
आठवड्याचे सात,
आठवा पोटात.

सॅमन सोलायचा माझा सुरा आता येसिकाच्या हातात.
लाकडं तो माझ्या कमरेच्या उंचीवर रचतो,
म्हणजे वाकायला नको,
आणि मग मी एक उचललं तरी ओरडतो.
रात्री आमच्यात एक उशी झोपते,
तिच्या अंगाला धुराचा वास.
सासू, एर्मिंदा, सांगते हात वर करू नकोस.
शेजारीण सांगते पाय वर कर.
मी शिंकसुद्धा भीतभीत देते,
दोन्ही हातांनी खालून पोट धरून,
जसं कुणी फुटकी बादली विहिरीपासून घरी आणावी.

वार चालत नाही, रोसाल्बा म्हणाली होती.
भिंत वाढते, ताणते,
आणि तिच्यासोबत ती वर जाते. बहुतेकींची जाते.
'बहुतेकींची' हा शब्द मी घरी घेऊन आले.

सासऱ्यांचं घर असंच वर गेलं होतं.
भरतीचं पाणी दारात यायला लागलं तेव्हा
अख्खं घर ओंडक्यांवर चढवलं,
अकरा बैलजोड्या, सगळं गाव दोराला,
मोबदला म्हणजे सफरचंदाची चिचा आणि पोटभर जेवण.
मी सात वर्षांची होते, कुंपणावर बसलेले.
घर चालत नव्हतं. घराला ओढत होते.
खिडक्या थरथरत होत्या, आणि आत कुठेतरी
एक कप फुटल्याचा आवाज आला.
एकच. एर्मिंदा अजून त्याची बशी वापरते.

माझ्यासाठी बैल कुठून आणायचे?

सव्विसाव्या आठवड्यात, गुरुवारी,
शंभर पेसोच्या नाण्याएवढा डाग.
दुखलं काहीच नाही, तेच वाईट.
शेवटची फेरीबोट गेलेली.
नोल्बेर्तोनं शिंपल्यांची होडी काढली,
जाळ्यांवर गाद्या टाकल्या,
आणि खाडीभर तो फक्त बटाट्यांबद्दल बोलत राहिला,
यंदा कीड कशी, बियाणं कुठलं.
मी हो म्हणत होते. मांड्या आवळून
सगळ्या बटाट्यांना हो म्हणत होते.
कास्त्रोच्या दवाखान्यात पहाटे
ढोल वाजवल्यासारखं तिचं काळीज ऐकू आलं.
बाउदिलियो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
त्याला वाटलं मी पाहिलं नाही.

बत्तीस आठवडे. अठरा मिलिमीटर.
हवेत वीस.
रोसाल्बा म्हणते, छत्तिसाव्याला परत बघू,
तोवर खाडी ओलांडून दवाखान्याजवळ राहायला ये.
दोन मिलिमीटर म्हणजे
माझी सर्वांत बारीक सुई.
तिनंच मी आता मोजे विणते,
देल्मिराच्या घरी, पाण्यातल्या खांबांवर,
फळ्यांखाली ओहोटीला चिखल, कलंडलेल्या होड्या,
आणि चहा होईपर्यंत पुन्हा पाणी.
मी खाली बघत नाही.
खाली हा शब्दच नको झालाय.

रात्री फोन येतो. वारा त्याच्याही बाजूला, माझ्याही.
कोरडा?
कोरडा.
फळीवर आजची रेघ मारलीस?
सकाळीच मारली, तो म्हणतो, खूश होऊन.

पूस ती, मी म्हणते.
अजून दिवस संपलेला नाही.