शीग

नैरोबीत उतरले त्या पहाटे
पहिला खर्च झाला लघवीचा. दहा शिलिंग.
किमिलीलीत मक्याचं अख्खं शेत होतं त्या कामाला.
वही काढून लिहिलं: संडास, १०.
गावाकडं वहीत जायचं ते बियाणं, शाळेची फी, मयताची वर्गणी.
शरीराचा हिशोब कुणी ठेवत नसे.

आता वही भरत आलीय.
पाणी, पिवळा कॅन, पाच.
नळ गेले की वीस, वर वाहून आणणारा पोरगा वेगळा.
तेल दहा शिलिंगचं, यंत्राच्या चोचीतून,
बाटलीचा तळ जेमतेम ओला होईल इतकं.
वीज म्हणजे वीस आकडे,
मीटरला एकेक टोचायचे, एक चुकला तर पहिल्यापासून.
सुकुमा विकी, चिरलेली, वीसची.
परसात ती आपोआप वाढायची,
नावाचा अर्थ 'आठवडा ढकल', हे लहानपणापासून माहीत होतं;
आठवडा ढकलावा लागतो हे कावांग्वारेत आल्यावर कळलं.

ढग आले की गावातल्या बाया पदर सावरत वर बघतात,
इथं स्टॉपवरचे सगळे खिसे चाचपतात:
पाऊस पडला की मिनीबसचं भाडं दुप्पट.

आई मिस कॉल देते. मी लावते.
(तेही लिहिते.)
खातेस ना?
खाते.
मक्याचा काय भाव तिकडं?
मी कमी करून सांगते.
ती गप्प होते. तिच्या अंगणातून तो कितीला उचलतात
ते तिला माहीत आहे,
आणि मी सांगितलेला भाव त्याहून खाली होता.

मग रात्रीच्या बसनं पोतं आलं.
अर्धं पोतं मका, त्यात पुरलेली सहा अंडी,
एकालाही तडा नाही.
बसचे तीनशे, हातगाडीचे दीडशे,
चौथ्या मजल्यावर चढवायचे गिचुकीनं पन्नास घेतले
आणि लिफ्ट असती तर बरं झालं असतं, असं मलाच ऐकवलं.
फुकटचा मका पाचशेला पडला.

संध्याकाळी शेजारची आकोथ आली, पातेलं घेऊन.
उसना नको, म्हणाली, बाजारभावानं दे.
खालच्या दुकानातून गोरोगोरो आणला,
दोन किलोचा पत्र्याचा डबा, आपलं पायली-मापटं असतं तसा.
बूड आत ठोकलेलं.
इथल्या प्रत्येक डब्याचं असतंच.
मापात पाप सगळ्यांना दिसतं,
म्हणून कुणी बोलत नाही.

मी भरला.
आणि माझा तळहात आपोआप वरून फिरला,
सपाट, दुकानदारासारखा.
कधी शिकले कोण जाणे.

आईनं जन्मात माप सपाट केलं नाही.
शीग कोसळेपर्यंत ओतायची;
सांडलेलं कोंबड्यांचं, ती म्हणायची,
त्यांनी पण कुणाकडं बघायचं?

आकोथनं नाणी मोजली. एकशेतीस.
डब्याकडं बघितलं नाही. चांगली बाई.
वहीत लिहिलं: जमा, १३०.
जमेच्या रकान्यातला हा पहिला आकडा,
छान दिसत होता.

डबा परत करायचा म्हणून पुसायला घेतला
तर बुडाच्या खळग्यात अंगठा गेला,
मग चार बोटं, मग मूठ.
बरोबर माझ्याच मुठीएवढा.

भिंत पातळ आहे. पलीकडं
ती पातेल्यातले दाणे निवडत होती,
पोरगा विचारत होता, उद्या पण आहे का?

मूठ भरून घेतली आणि दार वाजवलं.
हे कशाला, आकोथ म्हणाली.
उंबऱ्यावर दोघी उभ्या, दिव्याचे आकडे संपत आलेले.
इथं कोंबड्या नाहीत.

म्हटलं, सांडलं होतं.