शेपूट

शर्यतीत माझं काम सगळ्यांच्या मागे पळायचं.
शेवटच्या माणसामागे वीस पावलं,
पाठीवर रिकामी गोणी,
आणि झाडाझुडपांना बांधलेल्या केशरी फिती
एकेक करून सोडत यायचं.
आमच्यात ह्याला शेपूट म्हणतात.
काल दुपारी जी वाट मी बांधली
ती आज मीच उसवतो.

पुढे दोनशे अकरा जण.
कॉलेज रोडचे डॉक्टर, अंबडच्या कंपनीतले फिटर,
पुण्याहून आलेली कोरड्या पिंडऱ्यांची पोरं,
केव्हाच अंजनेरीच्या मागच्या अंगाला दिसेनाशी झालेली.
उरल्यात फक्त वैजयंती देवरे, सटाण्याच्या,
पतसंस्थेत कॅशियर, वय एकोणपन्नास.
त्यांचं आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याचं
पहाटेपासून काहीतरी बोलणं चाललंय.
दर चढाला म्हणतात, "तुम्ही जा हो पुढं."
जाता येत नाही, म्हणतो मी.
मी पुढे गेलो तर तुमच्या पायाखालची वाट संपेल.

सोनकी वाळलेली.
नागलीची कणसं मुठी मिटून उभी.
दवाने आवळलेल्या गाठी नखांना दाद देत नाहीत,
मग दातांनी.
तोंडाला प्लास्टिकची आणि घाणेरीची चव.

एक फीत शेळीच्या शिंगाला.
ती सोडवायला गेलो तर अर्धा फर्लांग पळवलं तिने,
शेवटी दिली.
दिवसभरातली माझी तेवढीच खरी शर्यत.

खिंडीनंतर वाट उजवीकडे, ओढ्याच्या काठाने.
मीच आखलीय.
पण फिती डावीकडे वळल्या होत्या.
आणि गाठी आमच्या नव्हत्या,
आम्ही सुरगाठ मारतो,
ही दाव्याची, गुरं बांधतात ती.

वळलो.
कुडाचं घर, अंगणात बाज,
बाजेवर हिरामण बेंडकुळे.

तीन वर्षांपूर्वी हाच आमच्या पुढे चालला होता,
अनवाणी, हातात कोयता.
मी वहीत खुणा करत होतो आणि तो हसत होता.
"अशी काय वाट नसते, सायब.
रानडुक्कर गेलं म्हंजी मानूस जाईल."
मग एका चैत्रात मधासाठी कड्यावर चढला,
दोर सुटला.
कमरेखालचं सगळं तिथेच राहिलं.

कुडाच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा.
निवृत्ती, त्याचा पोरगा, नऊ वर्षांचा,
एका हातात तांब्या, एका हातात कोळसा.
वैजयंतीबाई पाणी प्यायल्या,
त्याने दोनशे बारावी ओढली.
मग माझ्याकडे बघून थांबला.
"तुमी पळताय का?"
काय सांगावं कळेना.
"वढ रं," हिरामण म्हणाला, "येतोय तर मागनं."

मग मला म्हणाला,
"तो चौथा पोरगा, निळ्या बुटाचा,
टाचंवर आपटतोय.
उताराला गुडघं जातील, सांगा त्याला."
आणि बाईंना,
"तुमचं बराय. तुमी दगड बघून पाय टाकता."

पोराने फितींबद्दल काही सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
तो फक्त माझ्या गोणीकडे बघत राहिला.

खाली मांडवात मिसळ, तर्री संपत आलेली.
पुणेकर पोरं मनगटं पुढे करून उभी,
"सर, साडेतीनशे मीटर जास्त भरतंय."
"सगळ्यांचंच?"
"सगळ्यांचंच."
डोंगर आहे, म्हटलं.
उपग्रहाला कधी दिसतो, कधी दिसत नाही.

निळ्या बुटाचा पोरगा सापडला.
त्याला टाचेचं सांगितलं.
"कोण म्हणालं?"
वाट दाखवतात ते, म्हटलं.

वैजयंतीबाई गुडघ्यावर बर्फ धरून
दुसरा पाव मागत होत्या.
मी गोणी उलटी केली, फिती मोजल्या.
एक कमी.
वहीत लिहिलं:
शेळीने खाल्ली.